सँडी हूकचा कौल

केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांतलं सँडी हूक हे छोटं गाव म्हणजे एलियट काउंटीचं मुख्य ठाणं. १८६९ साली स्थापन झालेल्या या काउंटीने १८७२ पासून २०१२ पर्यंत अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षालाच साथ दिली. २०१६ मध्ये मात्र सुमारे ७० टक्के मतं ट्रम्प यांना पडली. याला अडाणीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. २००४ च्या कायद्याने इथल्या तंबाखू शेतकऱ्याचा हमीभाव संपला, आसपासच्या कोळसा खाणी आटत गेल्या. तेव्हा त्यांची विचारपूस कोणी केली? २०१९ मध्ये याच मतदारांनी गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट अँडी बेशिअर यांना निवडलं. हा मतदार विचार करतो. या अंकात त्याचं म्हणणं नीट ऐकून घेऊ या.