अभिनेत्रीचे आत्मचरित्र : वाङ्मय की केवळ साधन?

मराठी आत्मचरित्राच्या विवेचनात अभिनेत्रींच्या लेखनाला आजही दुय्यम स्थान दिले जाते. चित्रपटाचा अभ्यासक त्यात माहिती शोधतो, सामान्य वाचक पडद्यामागच्या हकीकती. वाङ्मयाचा अभ्यासक मात्र बहुधा तळटीपेपुरताच त्याकडे वळतो. दुर्गा खोटे (१९०५–१९९१) यांच्या ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) या आत्मचरित्राच्या संदर्भात या भूमिकेचा पुनर्विचार होणे आवश्यक आहे.

खोटे यांच्या कारकिर्दीचा आरंभ हौसेतून झाला नाही. मुंबईच्या सुखवस्तू घरात त्या वाढल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकल्या. परंतु सासरची आर्थिक घडी विस्कटल्यावर शिकवण्या आणि पुढे चित्रपट हा उपजीविकेचा मार्ग झाला. ‘फरेबी जाल’ (१९३१) मधील लहानशा भूमिकेने वाट्याला टीकाच आली. त्यानंतर कोल्हापूरच्या ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), कलकत्त्याच्या ‘न्यू थिएटर्स’चा ‘राजरानी मीरा’ (१९३३) आणि पुन्हा ‘प्रभात’चा ‘अमर ज्योती’ (१९३६) अशी वाटचाल झाली. नट-नटी मासिक वेतनावर एकाच संस्थेशी बांधलेल्या असण्याच्या काळात त्यांनी अनेक संस्थांसाठी काम केले. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि ‘मॅकबेथ’वर आधारित शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधील नायिका त्यांनी उभी केली. पुढे लघुपट व जाहिरातपट यांच्या निर्मितीतही त्या उतरल्या.

या कारकिर्दीची नोंद एवढेच आत्मचरित्राचे मूल्य मानले, तर एक मूलभूत बाब नजरेआड होते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) मध्ये केंद्रस्थानी पती आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःचा स्वतंत्र सूर निःसंशय मिळवला, तरी त्या निवेदनाला आकार देतो तो टिळकांबरोबरचा संसारच. खोटे यांच्या निवेदनाचा कणा मात्र त्यांनी केलेले काम हा आहे. संसार, वियोग, मुलांची जबाबदारी हे सारे त्यात येते, पण ते कामाच्या अनुषंगाने येते. मराठी स्त्री-आत्मचरित्रातील हे स्थित्यंतर केवळ विषयाचे नाही, रचनेचेही आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. अभिनेत्री लेखनातही आपली प्रतिमाच सांभाळते. मग त्या कथनावर विसंबावे कितपत? आक्षेप रास्त आहे. परंतु तो नेत्यांच्या आणि साहित्यिकांच्या आत्मचरित्रांनाही तितकाच लागू पडतो. तेथे तो वाङ्मयीन मूल्यमापनाच्या आड येत नाही. अभिनेत्रीच्या बाबतीतच तो निर्णायक ठरावा, यात जुना सामाजिक संशयच शिल्लक उरलेला दिसतो.

अधिक बिकट प्रश्न हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) मुळे उभा राहतो. पिढीजात कलावंत घराण्यातून लहान वयातच चित्रपटात आलेल्या वाडकरांचे हे कथन अरुण साधू यांनी शब्दांकित केले. खोटे यांच्याजवळ शिक्षण होते, लेखणी होती. वाडकरांजवळ बोलणे होते. पहिलीला लेखिका आणि दुसरीला निवेदिका म्हणून वेगळे काढणे सोपे आहे, परंतु त्या भेदामागे वर्ग आणि जात यांनी ठरवलेली अक्षरसाधनाची उपलब्धता आहे. वाडकरांच्या कथनातील निर्भीडपणा शब्दांकनकाराचा नव्हे; त्याची मालकी त्यांचीच आहे. या कथनावरून प्रेरित होऊन ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट निर्माण झाला आणि अभ्यासकांची चर्चा पुष्कळदा त्या चित्रपटाकडेच वळली, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

रंगमंचावर आणि पडद्यावर जन्मभर इतरांनी लिहिलेली वाक्ये उच्चारणाऱ्या स्त्रीला आत्मकथनातच स्वतःचे वाक्य सापडते. म्हणूनच ही पुस्तके नाट्य-चित्रपटांच्या इतिहासाची परिशिष्टे म्हणून न वाचता, ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी अभ्यासक्रमात ठेवून वाचली पाहिजेत. श्रम करून जगणाऱ्या स्त्रीचा ‘मी’ मराठी गद्यात कसा घडत गेला, या प्रश्नाचे उत्तर त्यांना वगळून देता येणार नाही.