पदपथावरचा अपघात कोण मोजणार?

पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ पाळायला सुरुवात केली. त्यासाठी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद केला जातो. एरवी अंग चोरून चालणारी माणसे त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध निवांत फिरतात. दुसऱ्या दिवशी मात्र रस्ता पुन्हा वाहनांचा होतो.

या शहराने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. ‘परिसर’, ‘पेडेस्ट्रियन्स फर्स्ट’ यांसारख्या संस्थांनी अनेक वर्षे केलेला पाठपुरावा त्यामागे आहे. रुंद पदपथ होऊ शकतात, हे जंगली महाराज रस्त्याने दाखवूनही दिले. मग इतरत्र रस्ता ओलांडताना जीव मुठीत का धरावा लागतो? याचे एक उत्तर आपण काय मोजतो आणि काय मोजत नाही, यात आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दर पाचांमागे जवळपास एक. हा आकडा मोठा असला तरी पूर्ण नाही. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यूच या नोंदीत धरला जातो. दुचाकीच्या धक्क्याने खुब्याचे हाड मोडलेले सत्तरीचे गृहस्थ अंथरुणाला खिळतात आणि दोन-तीन महिन्यांनी न्यूमोनियाने किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून दगावतात. त्यांचा मृत्यू रस्त्याच्या खात्यावर जमा होत नाही. उखडलेल्या फरशीला ठेचकाळून पडणाऱ्याच्या बाबतीत तर वाहनच नसते. त्यामुळे पोलिसांच्या लेखी तो अपघातच नाही. रुग्णालयात त्याची नोंद ‘पडल्याने झालेली इजा’ एवढीच होते. कोणत्या रस्त्यावर आणि कशामुळे पडला, हे सहसा कोणी विचारत नाही.

इजा किती गंभीर होणार, हे प्रामुख्याने वेगावर ठरते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. मोटारीचा बंपर पायावर आदळतो, मग शरीर बॉनेटवर फेकले जाते आणि डोके काचेवर आपटते. पुढचा भाग उंच असलेल्या गाड्यांचा पहिला तडाखा थेट कंबरेला किंवा छातीला बसू शकतो आणि मुलांच्या बाबतीत डोक्याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली जाते.

सिग्नलचेही तसेच. पादचाऱ्यांसाठीचा वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने १८ मीटर रुंद रस्ता १५ सेकंदांत ओलांडता येतो. गुडघे दुखणारी व्यक्ती सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल, तर तिला साडेबावीस सेकंद लागतात. उरलेल्या साडेसात सेकंदांत ती रस्त्यातच असते आणि समोरच्या गाड्या सुटलेल्या असतात. याला ‘पादचाऱ्याची बेफिकिरी’ म्हणणे अन्यायाचे आहे.

अशा वेळी नागरिकांच्या प्रयत्नांचे मोल कळते. पदपथावर घुसणाऱ्या दुचाकींसमोर उभे राहणारे ज्येष्ठ लक्ष वेधून घेतात, पण टिकाऊ बदलासाठी टेप आणि वही लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. एखाद्या सोसायटीच्या किंवा शाळेच्या पालकांच्या गटाला हे एका सकाळीत मोजता येते. विजेची डीपी, उभ्या गाड्या आणि तुटलेली झाकणे कुठे आहेत, सिग्नल किती सेकंदांचा आहे, सायकलस्वाराला मुख्य वाहतुकीत कुठे शिरावे लागते, हे लिहून प्रभाग कार्यालयाला दिले की ‘बघू’ म्हणणे अवघड होते. मोकळ्या पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे ही मागणी मेहेरबानीची राहिलेली नाही.

मात्र अर्धी जबाबदारी रुग्णालयांचीही आहे. अस्थिरोग विभागात येणाऱ्या प्रत्येक जखमीच्या कागदावर घटनेचे ठिकाण आणि कारण, या दोन ओळी वाढवल्या आणि नावे वगळून ती माहिती दर महिन्याला महापालिकेला दिली, तर शहरातील धोक्याच्या जागांचा नकाशा आपोआप तयार होईल. साथीच्या रोगांचे रुग्ण आपण वस्तीनिहाय मोजतो, म्हणून फवारणी कुठे करायची ते कळते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना डॉक्टर रोज चालायला सांगतात. ते चालणे सुरक्षित आहे का, हे तपासणेही उपचाराचाच भाग मानायला हवे.