काकू, आज वरण मस्त झालं होतं!

सकाळी सहाला अजून काळोखच असतो. होस्टेलच्या बाथरूमबाहेर बादल्यांची रांग, गीझरमधलं गरम पाणी पहिल्या चौघांतच संपलेलं आणि डोक्यात कालचा अर्धवट राहिलेला चॅप्टर. संध्याकाळी लायब्ररीतून बाहेर पडावं, तर दिवस कधीच मावळलेला. ज्या गुलाबी थंडीचं एवढं कौतुक ऐकत आलो, ती हीच का, असं वाटायला लावणारे हे डिसेंबरचे दिवस. त्यात सेमिस्टर, केटी, प्लेसमेंट. घर लांब असेल, तर विचारूच नका.

थंडीतली ही मरगळ म्हणजे नुसते मनाचे खेळ नव्हेत. उजेड कमी झाला की काहींचा मूड खरोखर खाली जातो. नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अमेरिकेत या ऋतूनुसार येणाऱ्या उदासीचं रीतसर वर्णन केलं. तिकडे शिकायला गेलेल्या तुमच्या मित्रमैत्रिणींना विचारा. लंडनमध्ये या दिवसांत दिवस जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडे मात्र वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळजवळ अकरा तासांचा असतो! तो आपण पडदे ओढून, मोबाइलच्या उजेडात घालवतो, हा भाग वेगळा. म्हणजे आपली उदासी बरीचशी परीक्षेची, एकटेपणाची आणि बंद खोलीची. तिच्यावर छोट्या गोष्टींचा थोडाफार उतारा चालतो.

‘कृतज्ञता’ म्हटलं की निरोप समारंभातलं भाषण आठवतं, हे मान्य. पण रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चक्क कॉलेजची मुलंच होती. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांच्याबद्दल बरं वाटलं अशा पाचेक गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने कटकटी लिहायच्या. पहिल्या गटाला आपल्या आयुष्याबद्दल आणि येणाऱ्या आठवड्याबद्दल जास्त चांगलं वाटत होतं. सोन्या ल्युबोमिरस्की यांच्या एका प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तेव्हा रील्समधली ती महागडी ‘ग्रॅटिट्यूड’ डायरी आणि तिच्यासोबतची सात रंगांची पेनं राहू द्या. रोज भरायची म्हटली की तीही जर्नल सबमिशनसारखीच होते.

आणि लिहायचंच तर नेमकं लिहा. ‘आयुष्याने खूप दिलं’ या वाक्यात काहीच नाही. दुपारच्या लेक्चरला खिडकीजवळच्या बाकावर पाठीवर पडलेलं ऊन, गावाहून आलेल्या रूममेटच्या पिशवीतली बोरं, बाजरीची भाकरी आणि तिच्यावर वितळणारा लोण्याचा गोळा, टपरीवर पैसे नसताना ‘उद्या दे रे’ म्हणणारे मामा, रात्री दोनला गणित समजावून सांगताना स्वतःच अर्धी झोपलेली मैत्रीण. या गोष्टींना पत्ता असतो. त्या कुणीतरी केलेल्या असतात, आणि ज्याने केल्या त्याला ते सांगता येतं.

इथे आपली खरी गोची होते. मराठी घरात आईला ‘थँक्यू’ म्हणून बघा. ‘बरं वाटतंय ना तुला?’ असं उत्तर येईल! परक्यांना आभार आणि आपल्यांना गृहीत धरणं, असा आपला हिशेब. पण आपल्या भाषेत आभाराचा दुसरा रस्ता आहेच की. ‘काकू, आज वरण मस्त झालं होतं.’ ‘बाबा, तुम्ही पाठवलेला स्वेटर बरोब्बर बसला.’ एवढं म्हटलं तरी पोचतं. मेसच्या काकूंना दिवसभरात मीठ कमी, पोळी जाड एवढंच ऐकू येतं. उद्या ताट ठेवताना एकदा म्हणून तर बघा.

मात्र हे दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. खचलेल्या मित्राला ‘अरे, कितीतरी जणांना एवढंही मिळत नाही’ असं सांगणं म्हणजे सभ्य शब्दांत ‘गप्प बस’ म्हणणं. त्याच्याबरोबर चहाला जा आणि तो बोलेल ते ऐका. तो दोन-दोन आठवडे नीट झोपत, जेवत नसेल, कशातच लक्ष लागत नसेल, तर बोरं आणि ऊन पुरणार नाहीत. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी हेल्पलाइन नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. त्याच्याशेजारी बसून तुम्हीच लावून द्या. आणि ‘तो’च्या जागी ‘मी’ असेल, तरी नंबर हाच.

जाता जाता एक. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असतो, पण आपल्याकडे सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी. म्हणजे सकाळ अजून महिनाभर आळस करणार असली, तरी संध्याकाळ गुपचूप लांबायला लागलीसुद्धा. आज सहाच्या आधी पाच मिनिटं गच्चीवर जाऊन बघा. रूममेटलाही उठवून घेऊन जा, शिव्या देत का होईना, येईल.