गोलंदाजाचं नाव

चार वर्षांपूर्वी मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसलो, तेव्हा बर्नार्ड कॉर्नवेल पुन्हा वाचून काढला. हा मूळचा बीबीसीचा पत्रकार. बेलफास्टमध्ये चालू घडामोडींचा विभाग सांभाळायचा. एका अमेरिकन बाईवर जीव जडला, तिच्यासाठी अमेरिकेत गेला आणि तिथं नोकरीचा परवाना मिळेना. कादंबरी लिहायला परवाना लागत नाही, म्हणून लिहायला बसला. १९८१ साली ‘शार्प्स ईगल’ आली आणि मग तो थांबलाच नाही.

त्याच्या कादंबऱ्यांचा नायक, शार्प नावाचा इंग्रज सैनिक, आपल्या मातीतही येऊन गेलाय. एका कादंबरीत इंग्रज आणि मराठ्यांमधली असईची लढाई आहे, पुढच्या कादंबरीत चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगडाच्या आतल्या तटाला शिडी लावून चढला तो इंग्रज फौजेतला कॅप्टन कॅम्पबेल. कादंबरीत हा पराक्रम शार्प करतो, पण शेवटच्या टिपेत लेखक त्याचं श्रेय कॅम्पबेलला परत देतो. खरं काय, रचलेलं काय, हे तो आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या अखेरीस सांगतो. मला ही बातमीदाराची सचोटी वाटते. आपल्याकडे कादंबरीतले संवाद लोक इतिहास म्हणून भाषणांत ऐकवतात. अशी टीप आपल्याही प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीला हवी, असं मला मनापासून वाटतं.

माझी कादंबरीही असईचीच आहे. भोकरदन तालुक्यात केळणा नदीच्या काठी मी तीनदा जाऊन आलो. २३ सप्टेंबर १८०३ ला वाटाडे इंग्रज सेनापती वेलस्लीला सांगत होते, पुढं उतार नाही. त्यानं दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. म्हणजे लोकांची ये-जा असणार, म्हणजे उतारही असणारच. त्यानं फौज तिकडे वळवली. काठावर उभं राहिल्याशिवाय हे पटत नाही. बातमीदारीतली जुनी सवय इथं उपयोगी पडली: आधी जागा बघायची, मग लिहायचं.

पण मी अडलो तो शिंद्यांच्या गोलंदाजांपाशी. इंग्रज पायदळ तोफांपर्यंत पोचलं तरी ते हटले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले. फौज पुढं सरकताच उठले, तोफा फिरवल्या आणि तिच्या पाठीवर मारा केला. इंग्रजांची दीड हजारावर माणसं त्या दिवशी मेली किंवा जखमी झाली. त्यांच्या अधिकाऱ्यांची नावं कागदोपत्री आहेत. त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव मला कुठं सापडलं नाही. दोन वर्षं शोधलं. बातमी असती तर ‘एक गोलंदाज’ असं लिहून मोकळा झालो असतो. कादंबरीत ते चालत नाही. त्याच्या आईला त्याला हाक मारावी लागते.

शेवटी मीच नाव ठेवलं, सटवाजी. टिपेचं पहिलं वाक्य परवा लिहून झालं: हे नाव माझं आहे, तोफेखालून उठणं त्याचं आहे.