नकार देण्याचा अधिकार

इच्छामरणाच्या कायद्याला विरोध करणे हे आपल्या राजकारणातले सर्वांत स्वस्त पुण्य आहे. त्यात मते जात नाहीत, पैसा लागत नाही आणि बोलणाऱ्याच्या पदरी सत्त्वशीलतेचे श्रेय मात्र पडते. जळगाव जिल्ह्यातून ११ आणि धुळे जिल्ह्यातून ५ आमदार विधानसभेत जातात. त्यांतल्या एखाद्या नवनिर्वाचितास उद्या या विषयावर मत विचारले, तर 'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' असे उत्तर येण्याचीच शक्यता अधिक. डॉक्टरच्या हातून मृत्यू देण्यास कायद्याने मुभा असू नये, असे मलाही वाटते. तरीही हे उत्तर मला मान्य नाही.

आधी संस्कृतीचेच पाहू. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, याचा खानदेशाला सार्थ अभिमान आहे. त्याच विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारले आणि १५ तारखेला देह ठेवला. ते संस्कृतीच्या बाहेर गेले, असे म्हणण्याचे धाडस आमदार करतील काय? स्वतः अन्न सोडणे आणि दुसऱ्याने विषारी सुई टोचणे यांत फरक आहे, हे मान्य. पण तो फरक समजावून सांगावा लागतो. 'संस्कृती' हा शब्द उच्चारून तो सिद्ध होत नाही.

विरोधाचे खरे कारण आपल्या अंगणात आहे. ज्या घरात आजीच्या उपचारासाठी कापसाचे दोन एकर विकायला निघतात, तिथे 'आता मला जाऊ द्या' हे वाक्य तिच्या इच्छेचे की घरच्या हिशेबाचे, हे कोणती समिती ठरवणार? वेदना थांबवणारे औषध तालुक्याला मिळत नसेल आणि मृत्यू तेवढा कायदेशीर असेल, तर त्याला निवड म्हणता येत नाही. सक्तीलाच दिलेले ते सभ्य नाव होय.

पण हा युक्तिवाद जो करतो, त्याच्यावर तो उलटतोही. औषध का मिळत नाही, हा प्रश्न मग त्यालाच विचारावा लागतो.

१९८५ साली दोन गोष्टी घडल्या. प्रा. सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत एक अशासकीय विधेयक मांडले. असाध्य रुग्णाच्या इच्छेनुसार कृत्रिम उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरला संरक्षण मिळावे, एवढीच त्यांची मागणी होती. त्याचा कायदा झाला नाही. त्याच वर्षी संसदेने अमली पदार्थांचा कायदा केला आणि त्याच्या धाकाने दवाखान्यांतून मॉर्फिन जवळजवळ नाहीसे झाले. सातपुड्यापलीकडे मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यातून मॉर्फिन निघते, आणि अलीकडे तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण त्यावाचून रात्र काढतो. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले. मात्र नियम सैल झाल्याने गोळी आपोआप रुग्णाच्या उशाशी पोहोचत नाही.

वर्द्यांचे म्हणणे मान्य व्हायला जवळपास तीन तपे लागली, तीही न्यायालयाच्या दारात. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग यांच्या बाबतीतली याचिका फेटाळली, पण उपचार थांबवण्याचे तत्त्व स्वीकारले. ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि पूर्वलिखित वैद्यकीय इच्छापत्र मान्य झाले. २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ झाली. असे इच्छापत्र जपण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेने अभिरक्षक नेमावा, असे त्यात आहे. प्राणघातक औषध देणे आजही गुन्हाच आहे.

अरुणाताईंच्या त्या प्रकरणातच या वादाचे मर्म मला दिसते. याचिकेला सर्वांत ठाम विरोध केईएमच्या परिचारिकांनी केला. त्यांना संस्कृतीचा दाखला द्यावा लागला नाही. १९७३ पासून त्यांच्या पिढ्यांनी अरुणाताईंना भरवले होते, पुसले होते, कुशीवर वळवले होते. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या, तोवर हे चालू होते. त्यांच्या निष्कर्षाशी कोणी असहमत होऊ शकेल. 'नको' म्हणण्याचा त्यांचा अधिकार मात्र कोणी नाकारू शकणार नाही. तो त्यांनी हातांनी कमावला होता.

आमदारांनी काय कमावले आहे? धुळ्याला आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे मॉर्फिनचा साठा किती आणि तो चोपडा, साक्री, शिरपूरच्या रुग्णापर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न सभागृहात विचारा. घरी जाऊन जखमा धुणाऱ्या परिचारिका किती, हे विचारा. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचे धोरण आखून ती गावोगावच्या पंचायतींकडे नेली; आपल्या जिल्हा परिषदेला ते का जमू नये, हेही विचारा. परळच्या टाटा रुग्णालयापर्यंतचा चारशे किलोमीटरांचा प्रवास मरणासन्न माणसाला किती वेळा करायला लावणार?

हे करणाऱ्या आमदाराने इच्छामरणाला खुशाल विरोध करावा; मी त्याच्या बाजूने उभा राहीन. जो हे करणार नाही, त्याच्या विरोधाचा अर्थ एवढाच की, तुम्ही मरू नका आणि तुमच्या वेदनेबद्दल आम्हांला विचारूही नका. याला जीवनावरील श्रद्धा म्हणत नाहीत.