जुळाऱ्याचे मत

मराठी साहित्यव्यवहारात मतप्रदर्शनाचा अधिकार कोणाला असावा, याविषयी एक अलिखित संकेत रूढ आहे. लेखकाला तो असतो, समीक्षकाला असतो, प्राध्यापकाला तर पगारासोबतच मिळतो. संपादक-प्रकाशकांनाही तो अधूनमधून बजावू दिला जातो. मात्र ज्याच्या हातून ही सारी मते अक्षररूप घेतात त्या जुळाऱ्याने, म्हणजे आजच्या भाषेत डीटीपी ऑपरेटरने, तोंड उघडले की 'तुम्ही प्रुफातल्या चुका तेवढ्या दुरुस्त करा' असे सुनावले जाते. या संकेताला आमचा विरोध आहे. तंत्रज्ञान, मुक्त सॉफ्टवेअर आणि राजकारण यांविषयी एका जुळाऱ्याची मते येथे मांडून ती आमच्या व्यवसायबंधूंच्या मतांपेक्षा अधिक विचारार्ह का आहेत, हे आम्हाला दाखवायचे आहे.

हे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. शिशाचे खिळे जुळवण्यापासून त्यांनी सुरुवात केली, ट्रेडल चालवली आणि एकोणीसशे नव्वदनंतर ते संगणकाकडे वळले. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, आमच्यासारख्यांचे शोधनिबंध आणि निवडणुकीच्या दिवसांत सर्व पक्षांचे फ्लेक्स, असा त्यांचा व्यवसाय आहे. पक्ष कोणताही असो, मजकूर बदलतो आणि फाँट तोच राहतो, असे ते म्हणतात. त्यांच्या राजकीय निरीक्षणाची ही सुरुवात आहे, शेवट नव्हे.

त्यांचे पहिले मत असे की, जे यंत्र उघडून पाहता येत नाही ते आपल्या मालकीचे नसते. ट्रेडलचा एखादा भाग झिजला की गावातल्या फिटरकडून तो घडवून घेता येई. खिळे झिजले तर वितळवून नवे ओतता येत. यंत्र कोणी बनवले याला महत्त्व होते, पण ते चालू ठेवण्यासाठी बनवणाऱ्याची परवानगी लागत नसे. संगणकावर आल्यानंतर मात्र अक्षरांनाच कुलूप लागले. देवनागरी फाँटच्या पुडक्यासोबत संगणकाच्या पाठीमागे खोचायची एक लहानशी डबी येई. ती बिघडली की अक्षरे असूनही नसल्यासारखी होत. पुढे ज्या खाचेत ती बसायची ती खाचच नव्या संगणकांवरून नाहीशी झाली. त्यानंतर, २०१३ पासून, पृष्ठरचनेच्या एका प्रमुख परदेशी सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळू लागल्या. वर्गणी थकली की हत्यार हातातून गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला तेव्हा त्यांच्या दुकानातील दोन धडधाकट यंत्रे कागदोपत्री म्हातारी झाली. 'सर, सुताराची करवत कोणी दर महिन्याला भाड्याने देतो का?' हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा मानायचा की अर्थशास्त्राचा, हे वाचकांनीच ठरवावे.

अक्षरांचे कुलूप हा शब्दप्रयोग अलंकारिक नाही, म्हणून त्याची रीत सांगणे भाग आहे. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हतेच. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या घरांत देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. संगणक रोमन चिन्हे साठवी आणि फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवी. फाँट काढून घेतला की मुखवटा गळून पडे आणि कवितेच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रांग उरे. शिवाय प्रत्येक कंपनीची घरे वेगळी असल्यामुळे एका फाँटमधील मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडणे अशक्य होते. ग्राहक एकदा आला की त्याने जावयाचे नाही, अशी ही व्यवस्था होती.

यातील भाषिक विपर्यास आमच्या जुळाऱ्यांनी आम्हाला ज्या सुबोधपणे समजावला, तसा तो कोणत्याही भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आम्हाला आढळला नाही. 'कि' उच्चारताना क आधी येतो आणि इकार नंतर, परंतु कागदावर वेलांटी आधी उमटते. 'अर्क' मधील रफार उच्चारात क च्या आधी असतो, लेखनात तो क च्या डोक्यावर बसतो. शिशाच्या खिळ्यांत दिसण्याचा क्रम पाळावा लागे, कारण शिशाला कान नसतात. जुन्या फाँटांनी तोच दृश्यक्रम संगणकात नेला. युनिकोडने मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला आणि आकृती घडवण्याचे काम वेगळ्या यंत्रणेकडे सोपवले. भाषा म्हणजे उच्चार आणि लिपी म्हणजे त्याचे दृश्य रूप, हा जो भेद आपण पदवीच्या वर्गात शिकवतो, तो संगणकात कोठे पाळला गेला आणि कोठे मोडला गेला, हे जुळाऱ्याला ठाऊक आहे. ते ठाऊक नसलेल्यांनी त्याला गप्प बसायला सांगणे हा विनोद आहे.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान आहे आणि सर्वसामान्य ग्राहकांच्या संगणकांवर तिची सोय २००० सालच्या सुमारास येऊ लागली. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे मराठीतील नियतकालिके, ग्रंथ आणि प्रबंध जुन्याच पद्धतीने जुळवले जात राहिले. पृष्ठरचनेसाठी सर्वत्र वापरले जाणारे पेजमेकर युनिकोड जाणतच नव्हते. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, पण मराठी छपाईने ते त्यानंतरही दीर्घकाळ सोडले नाही. परिणामी, १९९० नंतरच्या दोन-तीन दशकांतील मराठी साहित्याचा फार मोठा भाग संगणकीय अर्थाने मुका आहे. छापील प्रत आहे, फाइलही कोठेतरी आहे, पण त्या फाइलीत शब्द शोधता येत नाही, सूची आपोआप करता येत नाही, मजकूर वर्णानुक्रमे लावता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंधांच्या विद्युत् प्रती जमा करण्याविषयी नियम केले. शोधगंगेवर आज मराठी प्रबंध पुष्कळ आहेत, परंतु त्यांपैकी अनेक एक तर पानांची छायाचित्रे आहेत, नाहीतर जुन्या फाँटमधली चिन्हे. त्यांत एखादी संज्ञा शोधू पाहणाऱ्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. आणि आता, जेव्हा यंत्रे उपलब्ध मजकुरावरून भाषा शिकू लागली आहेत, तेव्हा त्यांना मराठी म्हणून कोणती मराठी मिळणार? जी मोकळी आहे ती. ग्रामीण कथेची, दलित आत्मकथनाची, लघुनियतकालिकांतील वादांची मराठी ज्या प्रमाणात कुलूपबंद आहे, त्या प्रमाणात ती या शिक्षणातून वगळली जाईल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याबद्दल आपण पेढे वाटले. अभिजाततेचा पुरावा म्हणून प्राचीन ग्रंथांकडे बोट दाखवणाऱ्यांनी परवाच्या ग्रंथांची ही अवस्था पाहावी.

मुक्त सॉफ्टवेअरविषयी त्यांचे मत याच अनुभवातून आले आहे. इंग्रजीत एकच शब्द 'फुकट' आणि 'मोकळे' या दोन्ही अर्थी वापरला जात असल्यामुळे तिकडे या चळवळीला दर सभेत अर्थनिर्णय करत बसावे लागते. मराठीत ते कारण नाही. फुकट जेवण वेगळे आणि मोकळे रान वेगळे, हे शेंबड्या पोरालाही कळते. या चळवळीचा उगमही, योगायोगाने, मुद्रणयंत्रापाशीच सापडतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे लेझर मुद्रणयंत्र आले. त्यात कागद अडकला की सर्वांना सूचना मिळावी, अशी दुरुस्ती रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. यंत्राच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर त्यांना नाकारण्यात आला. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे या नकाराचा वाटा होता. हा इतिहास ऐकून आमच्या जुळाऱ्यांना मुळीच नवल वाटले नाही. कागद ज्याचा अडकतो त्यालाच यंत्र उघडावेसे वाटणार, इतकेच ते म्हणाले.

एका बाबतीत मात्र आमचा त्यांच्याशी स्पष्ट मतभेद आहे. चोरीची प्रत वापरण्यात त्यांना काही गैर वाटत नाही. कंपन्यांनी आपल्याला लुटले, आपण त्यांना लुटले, फिटंफाट झाली, असा त्यांचा हिशेब आहे. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी हा हिशेब चुकतो. चोरीची प्रत फुकट असते, मोकळी नसते. ती वापरणारा त्याच कंपनीची सवय हाताला लावून घेतो, त्याच बंद पद्धतीत फाइली साठवतो आणि शिकाऊ मुलांनाही तेच शिकवतो. बाजारात प्रत्येक दुकानी तेच सॉफ्टवेअर चालू राहिल्यामुळे मोकळ्या पर्यायाची मागणीच उभी राहिली नाही. म्हणजे कुलूप तोडल्याचे समाधान मिळाले, पण घर कुलूपवाल्याचेच राहिले. त्यांना हे अद्याप पटलेले नाही. वाद चालू आहे, आणि तो चालू ठेवण्याइतका त्यांना त्यात रस आहे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रचारकांविषयीही त्यांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. हे लोक स्वातंत्र्याविषयी सुंदर बोलतात, पण चार रंगांच्या छपाईसाठी वेगळ्या केलेल्या प्लेटींविषयी विचारले की घड्याळाकडे पाहतात. स्क्रायबस या मुक्त पृष्ठरचना-सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे नीट उमटण्याची सोय १.५.३ या आवृत्तीत, २०१७ मध्ये आली. तोवर ज्याला उद्या सकाळी अंक द्यायचा आहे त्याने काय करावयाचे होते? शिवाय आज्ञांची मराठी भाषांतरे करताना दुकानात बोलल्या जाणाऱ्या शब्दांना कोणी विचारले नाही. कारागिराला विचारल्याशिवाय घडवलेले हत्यार मोकळे असले तरी हाताला बसत नाही.

आता राजकारण. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे डाव्यांचे खूळ, असा एक आक्षेप आमच्याच महाविद्यालयीन वर्तुळात ऐकू येतो. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने सॉफ्टवेअरच्या पेटंटला दार किलकिले केले होते. डाव्या पक्षांच्या विरोधानंतर २००५ च्या दुरुस्ती कायद्यातून ती तरतूद वगळली गेली, हे खरे. परंतु शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण केंद्र सरकारने जाहीर केले ते २०१५ मध्ये, म्हणजे पूर्णपणे वेगळ्या विचारांच्या राजवटीत. अर्थात हा प्रश्न पक्षाचा नसून सार्वजनिक मालमत्तेचा आहे. आमचे जुळारी रस्त्याचा दृष्टान्त देतात. रस्ता बांधणाऱ्याला चोख पैसे द्यावेत, मात्र रस्ता झाल्यावर प्रत्येक पावलाचा टोल घेऊ नये. फाँट घडवणाऱ्या कलावंताचे श्रम फुकट घ्यावेत असे ते म्हणत नाहीत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त, बलू यांसारखे फाँट आज मोकळ्या परवान्यावर कोणालाही वापरता येतात. असे काम एखाद्या परदेशी कंपनीच्या पाठबळावर उभे राहण्याऐवजी आपल्या करातून का उभे राहू नये, हा त्यांचा प्रश्न आहे. मराठीच्या नावाने मते मागणाऱ्या एकाही पक्षाने त्याला जाहीरनाम्यात ओळ दिल्याचे, सर्वांचे जाहीरनामे जुळवणाऱ्या या माणसाला आठवत नाही.

केरळाकडे पाहावे. तेथील शासकीय शाळांत २००० च्या दशकात मुक्त संगणकप्रणाली आली आणि रुजली. मलयाळम लिपीसाठी २००२ पासून स्वयंसेवकांचा एक गट काम करीत आहे. मलयाळममधील चिल्लु अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान द्यावे की नाही, यावर तेथे वर्षानुवर्षे जाहीर वादंग झाले. अखेर २००८ च्या ५.१ या आवृत्तीत ती स्थाने दिली गेली. त्याच आवृत्तीत देवनागरीला 'ॲ' हे अक्षर स्वतंत्रपणे मिळाले, जे मराठीला रोज लागते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात किती जणांना हे ठाऊक आहे, विचारून पाहावे. या लेखाच्या शीर्षकातील 'ऱ्या' संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, साध्या शोधाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. शुद्धलेखनाच्या ऱ्हस्वदीर्घावरून शतकभर भांडणाऱ्या समाजाला या भांडणाचा पत्ता नसावा, हे खेदजनक आहे.

राहिला अधिकाराचा मुद्दा. नामदेव शिंपी होते, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार. त्यांची मते आपण अभ्यासक्रमात लावतो, त्यांवर प्रबंध लिहवून घेतो. त्यांच्या अभंगांत त्यांच्या धंद्याची हत्यारे कशी येतात, यावर आपण हौसेने व्याख्याने देतो. निर्णयसागरचे जावजी दादाजी छापखान्यातील हलक्या पगाराच्या कामापासून वर आले आणि देवनागरी मुद्राक्षरांना त्यांनी जे सौष्ठव दिले त्याचे ऋण आपण मान्य करतो. म्हणजे कारागिराचे मत आपल्याला चालते, अट एवढीच की त्याला जाऊन शे-दोनशे वर्षे झालेली असावीत. जिवंत कारागीर समोर उभा राहून तेच बोलू लागला की आपण त्याला प्रुफांकडे वळवतो.

आमच्या मागण्या थोडक्यात अशा. विद्यापीठांनी प्रबंधाची छायाचित्रे न स्वीकारता शोधता येणारा युनिकोड मजकूर मागावा. सार्वजनिक पैशातून घेतलेला किंवा घडवलेला प्रत्येक फाँट मोकळ्या परवान्यावर उपलब्ध असावा. जुन्या फाँटमधील नियतकालिकांच्या फाइली दुकानांतील संगणक भंगारात जाण्यापूर्वी गोळा करून त्यांचे रूपांतर व्हावे. या रूपांतरात वेलांट्या आणि रफार हमखास घसरतात, म्हणून ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे. एम. ए. च्या अभ्यासक्रमात लिपी आणि तिचे संगणकीय रूप यांवर एक प्रश्नपत्रिका असावी. आणि भाषा, लिपी, परिभाषा यांविषयी जी जी समिती नेमली जाईल तिच्यात एक जागा जुळाऱ्यासाठी राखून ठेवावी. दुकान बंद ठेवून तो बैठकीला येईल, तेव्हा त्याचे मानधनही वेळेवर द्यावे.