गाजलेले चित्रपट आणि फसलेली उत्कंठा

एखाद्या चित्रपटाचा अगर दूरचित्रवाणी-मालिकेचा चोहोकडे उदो उदो होत असतो. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच नाव असते आणि ‘अजून पाहिला नाही?’ हा प्रश्न एखाद्या अपराधाची चौकशी करावी अशा सुरात विचारला जातो. अखेर आपण तो पाहतो. आणि बाहेर पडताना मन म्हणते, ‘एवढ्यासाठीच का हा सारा खटाटोप?’ हा अनुभव ज्यास आला नाही असे घर आज शोधूनही सापडावयाचे नाही. मौज अशी की, हा अपेक्षाभंग उघड बोलून दाखविणारे फार थोडे. बाकीचे, आपल्यालाच काही कळले नसावे, अशा समजुतीने गप्प बसतात. या गप्प बसण्याविषयीच आम्हांस येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

कीर्ती ही मुळातच संशयास्पद, असे आमचे म्हणणे नाही. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला, मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही वाखाणला गेला. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. या कृतींच्या मागून कीर्ती आली. आज पुष्कळदा कीर्ती आधी येते आणि कृती तिच्या मागून धापा टाकीत येते. घाट चढताना जड गाडीला मागून आणखी एक इंजिन लावतात, हे लोहमार्गाच्या काठी राहणाऱ्या आपणां तिगावकरांस सांगावयास नको. जाहिरात हे असेच मागून रेटणारे इंजिन होय. चढ संपेपर्यंत ते उपयोगी पडते. पुढचा प्रवास गाडीने स्वतःच्या बळावर करावयाचा असतो.

२०१८ सालचे एक उदाहरण पाहू. त्या वर्षी दिवाळीत, ८ नोव्हेंबर रोजी, ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. अमिताभ बच्चन व आमिर खान प्रथमच एकत्र येणार, या एका गोष्टीवर लोक तुटून पडले आणि पहिल्याच दिवशी त्याने देशात ५० कोटींहून अधिक गल्ला जमविला. पण पाहून आलेल्यांनी शेजाऱ्यांस खरे ते सांगितले, आणि थोड्याच दिवसांत चित्रपटगृहे ओस पडली. त्याच्या आधी महिनाही झाला नसेल, १२ ऑक्टोबर रोजी, राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला होता. नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा त्यामागे होती. त्यास मोठा नट नव्हता, गाजावाजाही बेताचाच होता. तो आला आणि फारसा गवगवा न होता गेला. परंतु पाहणारे त्याची आठवण काढीत राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षाही अधिक उत्पन्न त्याने मिळविले. पहिल्या दिवसाची गर्दी ही जाहिरातीची परीक्षा असते. सहा वर्षांनी जमणारी गर्दी ही चित्रपटाची परीक्षा असते.

रहस्यकथांच्या बाबतीत तर ही फसगत अधिकच बोचते. कारण रहस्यकथा म्हणजे लेखकाने वाचकाशी केलेला एक करार असतो. ‘तू धीर धर, मी तुला समाधानकारक उत्तर देईन,’ असे तो वचन देतो. आल्फ्रेड हिचकॉक या विख्यात दिग्दर्शकाने याचे मर्म एका दृष्टांताने सांगितले आहे. मेजाखाली बाँब आहे हे कोणासच ठाऊक नसेल, तर त्याच्या स्फोटाने प्रेक्षकास क्षणभराचा धक्का बसतो. पण प्रेक्षकास ते ठाऊक असेल आणि मेजाभोवती बसलेल्यांस नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पाही श्वास रोखून ऐकाव्या लागतात. आजच्या पुष्कळ मालिकांना हा भेद उमगलेला नाही. दार करकरते, वाद्ये कर्कश वाजतात, एकच चेहरा तीनतीनदा दाखविला जातो. आणि जाहिरातीनंतर कळते की, दारात दूधवाला उभा होता!

‘रात्रीस खेळ चाले’ ही मराठी मालिका आपल्या घरोघरी पाहिली गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचा आरंभ झाला. कोकणातील नाईकांचा वाडा, तेथील बोली आणि माणसे यांचे चित्र सरस होते, यात शंका नाही. परंतु एकेका पात्रावर संशयाची सावली टाकीत टाकीत ऑक्टोबरात ती संपली, तेव्हा हाती आलेले उत्तर इतके महिने बाळगलेल्या कुतूहलाच्या मानाने आम्हांस तोकडेच वाटले. पुढे २०१९ साली तिचा दुसरा भाग आला, २०२१ साली तिसराही आला. उलटपक्षी, राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) पाहावा. जिचे निधन झाले त्या पत्नीसारखीच हुबेहूब दिसणारी स्त्री आरोपी म्हणून समोर येते आणि ‘मीच ती’ असे सांगते. प्रश्न एकच, पण त्याचे उत्तर चित्रपट टाळीत नाही. यावरूनच १९६६ साली ‘मेरा साया’ हा हिंदी चित्रपट निघाला.

असे का होते, याचे कारण अनाकलनीय नाही. दैनिक मालिका जाहिरातींवर जगते. निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून प्रेक्षकसंख्येचा अंदाज काढतात, आणि तो चढा असेतोवर मालिका थांबविण्यात कोणाचेच हित नसते. रहस्य उलगडले की प्रेक्षक उठणार. म्हणून ते उलगडावयाचेच नाही! अशा कथेचा शेवट लेखक ठरवीत नाही, बाजार ठरवितो.

कोणी म्हणेल, ‘दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाने घटकाभर करमणूक केली, तर तुमचे काय बिघडले?’ आक्षेप रास्त आहे. करमणुकीचा आम्हांस मुळीच तिटकारा नाही. परंतु दमलेल्या माणसाची घटकाच अधिक मोलाची असते; तिच्या बदल्यात त्यास निकृष्ट माल मिळावा, हे आम्हांस मान्य नाही. बाजारात संत्री घेताना आपण हातात घेऊन, वजन अजमावून पारखतो. टोपलीवरच्या कागदाला भुलत नाही. तीच पारख येथेही का नसावी?

आपल्या भागापुरते याहून महत्त्वाचे एक कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही याच राज्यात. आपली मराठी घरात, शाळेत आणि पडद्यावर जगते. पडद्यावरून जी मराठी येते तीच पुष्कळ मुलांना ‘खरी’ मराठी वाटू लागते, आणि मोठ्या शहरांतील मत तेच आपले मत होऊन बसते. सीमेवरच्या माणसाने भाषा जपावी आणि मत मात्र उसने घ्यावे, हे शोभणारे नाही.

म्हणून विद्यार्थी बंधुभगिनींनो, चित्रपट अवश्य पाहा. पण पाहिल्यावर ‘आवडला’ अथवा ‘नावडला’ एवढ्यावर थांबू नका. का आवडला, कोठे कंटाळा आला, शेवट आधीच्या घटनांतून निघाला की वरून चिकटविला, हे दहा ओळींत वहीत लिहून ठेवा आणि मगच इतरांचे मत ऐका. घरातील वडीलधाऱ्यांशी मतभेद झाला तर नम्रपणे, पण कारणांसह बोला. सगळे टाळ्या वाजवीत असताना हात आवरण्यास धैर्य लागते. कोणीच वाजवीत नसताना चांगल्या कृतीस टाळी देण्यास त्याहून अधिक लागते. ही दोन्ही धैर्ये शाळेच्याच वयात अंगी बाणली, तर पुढे केवळ चित्रपटच काय, पुढाऱ्यांची भाषणे, वर्तमानपत्रांतील मथळे आणि दुकानांतील पाट्या यांचीही पारख आपोआप होऊ लागेल.